फट्, आणि मग नुसती फिरती चाके: हिट-अँड-मिस इंजिनाचा माझा अनुभव

गावाकडच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची एकसारखी टुकटुक ज्यांच्या कानात बसली आहे, त्यांना हिट-अँड-मिस हे जुने पेट्रोल इंजिन पहिल्यांदा ऐकताना ते बंद पडतेय असेच वाटते. एक जोरदार फट्, मग आठ-दहा फेऱ्या नुसता सुस्सऽऽ असा श्वास, दोन जड चाके आपली फिरताहेत, आणि वेग जरा उतरला की पुन्हा फट्. डिझेलचा गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, प्रत्येक स्फोटाचे इंधन कमी-जास्त करतो. इथे तसे काही नाही. एक तर पूर्ण घास, नाही तर उपास. फेऱ्या वाढल्या की त्या जड चाकातली, म्हणजे फ्लायव्हीलमधली, वजने बाहेर फेकली जातात, एक आकडा पुशरॉडच्या, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्याच्या, खाचेत अडकतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. मग कॉम्प्रेशन नाही, ओढ नाही, पेट्रोल नाही.

मी दुरुस्त केलेले इंजिन दीड हॉर्सपॉवरचे ‘इकॉनॉमी’. अमेरिकेत इंडियानातल्या इव्हान्सव्हिलला हर्क्युलीसच्या कारखान्यात ही बनत आणि सीअर्स कंपनी ती आपल्या कॅटलॉगमधून टपालाने विकत असे. शेतावर वीज नव्हती तेव्हा पाणी उपसणे, कपड्यांचे यंत्र फिरवणे, दुधाची साय काढणे ही कामे यांच्यावर चालत. 1935 नंतर सरकारी योजनेतून खेड्यांत वीज पोचू लागली आणि ही इंजिने गोठ्यांत गंजत पडली.

घेण्याआधी पाहायची पहिली गोष्ट म्हणजे पाण्याचा हौद, म्हणजे हॉपर. याला रेडिएटर नाही. सिलेंडरभोवती पाणी भरायचे, ते उकळून वाफ होऊन जाते आणि तेवढ्यावरच इंजिन थंड राहते. थंडीत कुणी पाणी काढायला विसरला की बर्फ फुगतो आणि बीड तडकते. बाहेरची भेग दिसते आणि ती टाके घालून, म्हणजे शिवणीसारख्या पिना ठोकून बंदही करता येते. आतली, सिलेंडरच्या भिंतीतली भेग मात्र दिसत नाही. म्हणून हॉपर पाण्याने भरून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी सिलेंडरच्या तोंडाशी बोट फिरवायचे. माझे बोट कोरडे निघाले.

पिस्टन पक्का जाम होता. अशा वेळी चाकाला लांब पहार लावून हिसके द्यायचा मोह होतो. तसे करू नका, आऱ्या मोडतात, आणि बिडाची मोडलेली आरी जोडून चाक पूर्वीसारखे भरवशाचे होत नाही. आधी दोन्ही चाके उतरवली. चाक शाफ्टवर धरून ठेवणारी चावी निमुळती असते, बाहेरून आत ठोकलेली, जाड टोक बाहेर. चावीचे डोके पकडून ओढत बसले की ते तुटते आणि मग सगळे ड्रिलने कोरून काढावे लागते. त्याऐवजी चार दिवस गंज सोडवणारे तेल मुरवले, हबवर कठीण लाकडाचा ठोकळा ठेवून चाक इंजिनाच्या बाजूला दोन-तीन सूत आत सरकवले. चाक आत गेले की निमुळत्या चावीची पकड आपोआप सुटते. मग चावीचे डोके आणि हब यांच्यामध्ये दोन पाचरी उलटसुलट ठोकल्या, आणि चावी अखंड बाहेर आली. चाक काढण्याआधी शाफ्टचे उघडे टोक पॉलिश पेपरने चकचकीत करा. तिथला बारीकसा बुरही हबच्या आत खरवडत जातो आणि चाक अर्ध्यावर अडकते.

मग हेड काढले, कनेक्टिंग रॉडची टोपी सोडली, मेन बेअरिंगच्या टोप्या काढून क्रँक उचलला. कुठली शिम, म्हणजे टोपीखालची पातळ पट्टी, कुठल्या बाजूची हे पिशव्यांवर लिहून ठेवले. इंजिन सिलेंडरचे तोंड वर येईल असे उभे केले आणि ॲसिटोन व गिअरचे पातळ तेल, म्हणजे एटीएफ, निम्मे-निम्मे मिसळून पिस्टनवर ओतले. हे मिश्रण भयंकर पेट घेते, म्हणून उघड्यावर, आणि आसपास वेल्डिंग नको. रोज थोडी भर घालत बारा दिवस गेले. शेवटी सिलेंडरपेक्षा किंचित लहान, गोल कातलेला लाकडी ओंडका पिस्टनवर ठेवून घणाचे ठोके दिले. मोजके, सारख्या जोराचे. सातव्या-आठव्या ठोक्याला आवाज बदलतो, ठस्सऐवजी जरा पोकळ येतो. तो ऐकला की समजायचे, सुटला. पुढे सावकाश क्रँकच्या बाजूने बाहेर काढला.

हॉपरच्या आतला गंज काढायला मी हॉपरच टाकीसारखा वापरला. धुण्याचा सोडा गॅलनभर, म्हणजे पावणेचार लिटर पाण्याला एक मोठा चमचा. आडव्या लाकडी पट्टीवरून साध्या लोखंडाची कांब मधोमध लोंबती सोडली, कुठेही न टेकता. 12 व्होल्टच्या बॅटरी चार्जरची धन तार कांबेला, ऋण तार इंजिनाला. उलटे जोडले तर इंजिनच खाल्ले जाते. स्टेनलेस स्टीलची कांब कधीही नको, तिच्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. हायड्रोजन निघतो, तेव्हा हेही काम उघड्यावरच. दोन दिवसांत गंजाची काळी साय सुटून आली.

सिलेंडरमध्ये खड्डे होते, पण क्रँकच्या बाजूला. तिथे दाब फारसा नसतो, म्हणून लायनर, म्हणजे आत बसवायची नवी नळी, न घालता नुसते होन केले, म्हणजे फिरत्या दगडाने घासले. हेडच्या बाजूला खोल खड्डे असते तर बोअर करून लायनरच लागला असता. नव्या बिडाच्या रिंगा आणल्या. रिंग सिलेंडरमध्ये एकटी बसवून पिस्टनने सरळ ढकलायची आणि तोंडाची फट फीलर गेजने मोजायची. व्यासाच्या दर इंचाला तीन ते चार थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे तीन इंची सिलेंडरला साधारण दहा-बारा थाऊ. फट कमी राहिली तर गरम झाल्यावर रिंगेची टोके एकमेकांना भिडतात आणि सिलेंडर ओरबाडला जातो. रिंगा घालण्याआधी खोबणींतला कोळसा जुन्या रिंगेच्या तुकड्याने खरवडून काढला. हे काम कंटाळवाणे आहे, पण खोबणीत कोळसा राहिला की नवी रिंगही मोकळी फुलत नाही आणि सगळा खर्च फुकट जातो.

बेअरिंगे व्हाइट मेटलची. माझी शाबूत होती, नुसती सैल झाली होती. दोन्ही बाजूंची एक-एक पातळ शिम काढली आणि प्लास्टिगेजची, म्हणजे दाबून किती चपटी होते त्यावरून फट सांगणारी, मऊ दोरी दाबून पाहिली. दोन थाऊ आले, तेवढे पुरे. टोप्या आवळल्यावर क्रँक बोटांनी फिरला पाहिजे. व्हॉल्व्ह लॅप केले, म्हणजे पेस्ट लावून जागेवर घासून बसवले, मग हेड उलटे करून वर पेट्रोल ओतले, दहा मिनिटांत थेंब उतरला नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचे डोके बिडाचे आणि दांडा पोलादाचा असेल, रिव्हेट मारून जोडलेला, तर तो जुना व्हॉल्व्ह परत घालू नका. डोके सुटून सिलेंडरमध्ये पडते. मी एका तुकड्यात कातलेला नवा बसवला.

इंजिन जोडताना दोन्ही गिअरच्या खुणा जुळवल्या आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह टीडीसीच्या, म्हणजे पिस्टन हेडच्या सर्वांत जवळ येतो त्या जागेच्या, जरा पुढे, पाच-दहा अंशांवर मिटतो ना, ते पाहिले. अंश मोजायला चाकाचा परीघ भागिले 360. चाक 500 मिलिमीटर व्यासाचे असेल तर एक अंश म्हणजे काठावर 4.4 मिलिमीटर, 15 अंश म्हणजे 65. खडूच्या दोन खुणा पुरतात.

ठिणगीसाठी वेबस्टरचा मॅग्नेटो, म्हणजे चुंबकांवर चालणारा छोटा जनित्र, आहे. यात स्पार्क प्लग नाही. सिलेंडरच्या आतच दोन टोके एकमेकांना टेकलेली असतात, पुशरॉडवरचे बोट मॅग्नेटोचा आर्मेचर, म्हणजे चुंबकांमधला हलता भाग, ओढून सोडते, स्प्रिंगा तो झटक्यात परत आणतात आणि त्याच क्षणी टोके उघडून ठिणगी पडते. पुशरॉड अडकलेला असेल तेव्हा ठिणगीही पडत नाही, किती नेटकी योजना! बिघडतो तो बहुधा अभ्रक. स्थिर टोकाभोवतीच्या अभ्रकाच्या चकत्यांवर काजळी आणि तेल बसले की वीज तिथूनच बॉडीत जाते. मीटर लावून पाहा, टोके उघडी असताना बॉडीशी जोड दाखवता कामा नये. चकत्या नव्या घातल्या, टोके घासून सपाट केली, चुंबके पुन्हा भारित करून आणली. आर्मेचर काढून ठेवताना चुंबकांवर लोखंडी पट्टी आडवी ठेवावी, नाहीतर ताकद उतरते. चालू करताना ठिणगी टीडीसीपाशी, चालू झाल्यावर 15 अंश आधी.

आता तो आकडा आणि खाच. मला यातच सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि लागायलाच हवा, कारण या इंजिनाचा जीव तिथे आहे. दोन्हींच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. गोल कड दोन-तीन फेऱ्यांतच निसटते, व्हॉल्व्ह मध्येच मिटतो आणि इंजिन नको तेव्हा ठोका देते. कडांवर कठीण धातूची वेल्डिंग भरली, चौकोनी घासल्या. मग पुशरॉड पूर्ण पुढे गेलेला असताना आकडा आणि खाच यांच्यात साधारण एक मिलिमीटर मोकळीक ठेवली. याहून कमी ठेवली तर आकडा आत शिरत नाही. जास्त ठेवली तर अडकल्यावर व्हॉल्व्ह तेवढा मागे येतो आणि अर्धवटच उघडा राहतो.

इनलेट व्हॉल्व्हला ढकलणारे काहीच नाही, पिस्टनच्या ओढीने तो उघडतो. त्याची स्प्रिंग ताठ असेल तर इंजिन पेट्रोल ओढत नाही. अगदीच नरम असेल तर मोकळ्या फेऱ्यांतही व्हॉल्व्ह थरथरतो, चोरून पेट्रोल आत जाते आणि पुढच्या ठोक्याला काळा धूर येतो. माझ्याकडे नेमके असेच झाले, पण दोष स्प्रिंगचा नव्हता. मी हौसेने लांब, दोन कोपरांचा एक्झॉस्ट पाइप लावला होता. मोकळ्या फेरीत इंजिन त्याच पाइपमधून श्वास घेते. तिथे अडले की ओढ इनलेटवर येते. पाइप काढून आखूड सरळ नळी लावली आणि थरथर थांबली.

चालू करण्याची रीत अशी. हॉपरमध्ये सिलेंडर बुडून वर थोडे पाणी, काठोकाठ नको. ऑयलरमधून, म्हणजे थेंब-थेंब तेल सोडणाऱ्या भांड्यातून, सिलेंडरला मिनिटाला आठ-दहा थेंब, साधे 30 नंबरचे तेल. ग्रीसच्या कपांना एकेक पीळ. पेट्रोल इथेनॉल नसलेले. मिक्सरची (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची) सुई एक फेरी उघडी, चोक बंद करून चाक दोनदा ओढायचे, मग चोक उघडून हँडल. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिन उलटे मारले तर वळवलेला अंगठा मोडतो.

पहिल्या दिवशी ते तीन-तीन ठोके लागोपाठ देत होते. एका ठोक्यात वेग भरत नाही याचा अर्थ घास पातळ आहे. सुई उघडून फरक पडेना. पेट्रोलची टाकी खाली, बैठकीत असते, आणि पेट्रोल मागे जाऊ न देणाऱ्या, नळीतल्या चेक व्हॉल्व्हचा गोळा नीट बसत नव्हता. मोकळ्या फेऱ्यांत नळीतले पेट्रोल खाली उतरून जाई आणि पुढचा घास निम्मा हवेचा. नवा गोळा घालून त्या व्हॉल्व्हमधल्या त्याच्या जागेवर हलका ठोकून बसवला. मग सुई पाव फेरी मिटवली. एक ठोका, मग मोकळ्या फेऱ्या: आधी सात, गव्हर्नरची स्प्रिंग सैल केल्यावर अकरा. धूर नाही, मिक्सरमधून शिंक नाही.

बंद करताना आधी पेट्रोलची सुई मिटवायची, इंजिन आपोआप थांबते. ऑयलर बंद करायचा, कारण तो तसाच राहिला तर रात्रभर सिलेंडर तेलाने भरतो. हॉपरचा नळ उघडून पाणी पूर्ण काढायचे, नळाच्या भोकातून तार फिरवून, गाळाने ते बुजते. आणि चाक हाताने कॉम्प्रेशनवर आणून सोडायचे. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि दमट हवा आत जात नाही.