तुम्ही विचारलेत म्हणून : सॅल्व्हेज टायटलची गाडी घ्यावी का?

न्यू यॉर्कच्या लाँग आयलंडवर शिकायला येणारी आपली मुले दर ऑगस्टमध्ये मला विचारतात, ‘‘काका, होंडा निम्म्या किमतीत मिळते आहे, फक्त टायटल सॅल्व्हेज आहे, घेऊ का?’’ माझे उत्तर ठरलेले आहे : दुरुस्तीपूर्वीचे फोटो विकणाऱ्याकडे नसतील, तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या ठरावीक प्रमाणापलीकडे गेला, की विमा कंपनी बहुधा मालकाला भरपाई देऊन गाडी लिलावात काढते आणि तिच्या मालकीच्या कागदावर, म्हणजे टायटलवर, ‘सॅल्व्हेज’ असा शिक्का बसतो. न्यू यॉर्कमध्ये ही मर्यादा ७५ टक्के आहे, फ्लोरिडात ८० आणि टेक्सासात १००. म्हणजे शिक्क्यावरून खर्चाचा हिशेब कळतो. गाडी ठोकली, चोरीला जाऊन सापडली की पाण्यात बुडाली, हे कळत नाही.

बुडालेली गाडी मी स्वतः घेतलेली आहे. २०१२ मध्ये समुद्राचे पाणी वस्तीत घुसवणाऱ्या सँडी वादळानंतर काही महिन्यांनी घेतलेली ती सेडान आतून-बाहेरून चकचकीत होती. वर्षभरात काचा आपोआप खाली येऊ लागल्या, मग दिवे जाऊ लागले. मेकॅनिकने गालिचा उचलून कनेक्टर सोडवला तेव्हा पिना कळकून हिरव्या पडल्या होत्या. नंतर त्याने सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला, तर एरवी गुंडाळीत दडणाऱ्या भागावर गढूळ पाण्याची तपकिरी रेघ स्पष्ट उमटलेली होती. खाऱ्या पाण्याने धरलेली वायरिंग एकदा दुरुस्त करून भागत नाही, म्हणून बुडालेल्या गाडीला मी ठाम नकार देतो.

पुढे २०१६ मध्ये घेतलेली कोरोलाही सॅल्व्हेजच होती, पण ती समोरून ठोकलेली होती, एअरबॅग उघडल्या नव्हत्या आणि मोडतोड डोळ्यांना दिसत होती. बॉडी शॉपमध्ये सांगाड्याची मापे घेऊन तो सरळ असल्याची खात्री झाल्यावरच मी पैसे दिले. दुरुस्तीनंतरच्या सरकारी तपासणीत बदललेल्या भागांच्या पावत्या मागितल्या गेल्या आणि क्रमांक ताडून पाहिले गेले, कारण त्या तपासणीचा रोख चोरीच्या भागांवर असतो. तपासणीनंतर कागदावर ‘रीबिल्ट’ (दुरुस्त केलेली) असा शेरा मिळाला म्हणजे गाडी सुरक्षित ठरली, असा समज करून घेऊ नका.

एअरबॅगच्या बाबतीत तर मी फार आग्रही आहे. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही क्षण लागून विझला पाहिजे; तो लागलाच नाही, तर कोणीतरी तो बंद करून ठेवला असण्याची शक्यता असते. अपघातानंतर बसवलेल्या हलक्या प्रतीच्या इन्फ्लेटरांमुळे (एअरबॅग फुगवणाऱ्या भागांमुळे) माणसे दगावल्याचा इशारा अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा विभागाने २०२४ मध्ये दिला आहे. म्हणून एअरबॅग बदललेल्या असतील, तर त्या मूळ कंपनीच्याच असल्याची पावती पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

विमा कंपनीला आधीच फोन करा, कारण सक्तीचा विमा सहसा मिळतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा काही कंपन्या नाकारतात. कर्जही सहजी मिळत नाही, आणि विकताना तुम्हालाही कमीच किंमत येईल.

एवढे करूनही गाडी मनात भरली, तर पैसे देण्यापूर्वी मला सांगा. शनिवारी सकाळी मी मोकळा असतो. आपण दोघे जाऊन पट्टे ओढून पाहू.