धार बारीक का झाली?

सकाळपासून कॉम्प्युटरवर सिलिकॉन नॅनोवायरचं, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तारेचं, कॅल्क्युलेशन लावलं होतं. दुपारी लाईट गेली, मागोमाग इन्व्हर्टर बसला, तीन तास पाण्यात. थांबलं तिथून पुढं चालू करता येईल अशी रिस्टार्ट फाईल ठेवली नव्हती, बोंबलावं कुणाच्या नावानं?

वैतागून परभणीहून गावाकडं आलो. विहिरीवर आबा सोलर पंपाकडं बघत उभे. "ऊन एवढं कडक, तरी दुपारी धार बारीक का रं?"

पॅनलला मागून हात लावला, चटकाच बसला. पॅनलमधलं सिलिकॉन तापलं की त्याचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा, किंचित आकसतो, व्होल्टेज पडतं. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज कमी; पॅनल ६५ ला गेलं की १६ टक्के गेलीच.

आबा म्हणाले, "म्हंजी त्याला बी ऊन लागतंय म्हण की!"

रात्री कॅल्क्युलेशन पुन्हा लावलंय. रिस्टार्ट फाईलसकट.