सोलापुरात नुसती गाडी बदलू नका, उतरा

आमच्या म्हसवडकडच्या लोकांना सोलापूर ठाऊक असतं ते एसटी स्टँडपुरतं. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, कुठंही जायचं असलं तरी सोलापूरला गाडी बदलायची. स्टँडवर चहा घ्यायचा, शेंगाचटणीचं पाकीट आणि जमलंच तर एखादी चादर पिशवीत टाकायची की बसलो पुढच्या गाडीत. माझी आत्या वर्षानुवर्षं तुळजापूरची वारी करते, पण तिचं सोलापूर शिवाजी चौकाच्या पुढं सरकलेलं नाही. मी इथं कॉलेजला यायचं ठरवलं तेव्हा घरातल्या सगळ्यांचा एकच प्रश्न होता, "तिथं बघण्यासारखं काय आहे?"

आहे, पुष्कळ आहे. फक्त ते तिकीट काढून बघायचं नाही. कॉलेज सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी, जमेल तसं पायी हिंडत मी हे शहर बघत आले आणि आता त्याच्याबद्दल कुणी उणं बोललं तर मला राग येतो.

मी सात रस्त्याजवळ खोली घेऊन राहते. इथून शेअर रिक्षा मिळतात आणि सोलापूर कळायला रिक्षेइतकी चांगली जागा नाही. एकदा अशोक चौकाकडे जाताना रिक्षावाले मामा फोनवर घरच्यांशी कानडीत बोलत होते. चौकात ओळखीचा माणूस दिसला, त्याला तेलुगूत हाक मारली. मागं बसलेल्या खालांशी दखनी उर्दूत सुट्ट्या पैशांचं बोलले आणि मग आरशातून माझ्याकडं बघत मराठीत विचारलं, "कुठं सोडू ताई?" एवढ्याशा अंतरात चार भाषा झाल्या आणि रिक्षातल्या कुणालाच त्यात काही विशेष वाटलं नाही. कर्नाटकची हद्द इथून हाकेच्या अंतरावर. तेलंगणातून पद्मशाली विणकर इथं आले ते मागांच्या आणि गिरण्यांच्या ओढीनं. त्यांच्या पिढ्या इथंच वाढल्या. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या घरात एक भाषा, गल्लीत दुसरी आणि कॉलेजात तिसरी. परीक्षेच्या आदल्या रात्री फोनवर "काय करूलालीस बे, झालं का वाचून?" असं विचारणारी मैत्रीण त्याच दमात आईला तेलुगूत उत्तर देते.

उन्हाळ्याबद्दल आधीच सांगते. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं असतो आणि दुपारी बारा ते चार रस्ते ओस पडतात. पाणी येतं उजनी धरणातून, शंभरेक किलोमीटरवरून, आणि नळाला रोज येत नाही. म्हणून इथं आठवडा वारांवर मोजत नाहीत, पाण्याच्या दिवसावर मोजतात. "पाणी सुटलं" अशी गल्लीत एक हाक आली की मध्यरात्र असो की पहाट, सगळ्या घरांचे दिवे लागतात. आमच्या घरमालकीणबाई आधी माझ्या बादल्या भरून घेतात, मग स्वतःचं पिंप लावतात. मी माण तालुक्यातली, पाण्याची ओढाताण मला नवी नाही. पण शहरातल्या माणसांनी ती इतक्या शिस्तीत, एकमेकांचं बघत निभावावी याचं मला कौतुक वाटतं.

आता खरं सोलापूर. ते आहे पूर्व भागात. साखर पेठ, कन्ना चौक, जोडबसवण्णा चौक, दत्त नगर, भवानी पेठ. नकाशा बाजूला ठेवा आणि कान उघडे ठेवून चाला. एका गल्लीतून खटाखट खटाखट आवाज यायला लागतो, पुढच्या गल्लीत तो दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग चालू असतात, कधी खाली माग आणि वर घर. सूत वाहणारे हातगाडे, रंगवलेल्या सुताच्या लडी, टॉवेलचे गठ्ठे, दारात बसून कांड्या भरणाऱ्या बायका. गिरण्यांचं गाव म्हणून सोलापूरचं नाव झालं, ते एकोणिसाव्या शतकात मोरारजी गोकुळदासांनी काढलेल्या जुन्या गिरणीपासून. पुढं नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली. भोंग्यावर अख्खं शहर उठायचं आणि जेवायचं, असं म्हातारी माणसं अजून सांगतात. त्या गिरण्या बंद पडल्या, पण विणकाम थांबलं नाही. ते गल्ल्यांमध्ये, घरांमध्ये पसरलं.

माझ्या एका मैत्रिणीचं घर याच भागात आहे. तिचे वडील चादरीच्या मागावर काम करतात. त्यांच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा जेकार्डचा माग जवळून पाहिला. मागाच्या वर उंच सांगाडा, तिथून शेकडो दोऱ्या खाली उतरलेल्या आणि बाजूला पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्यांची दोऱ्यानं शिवलेली लांबलचक माळ. काका हातानं दाखवत होते, कारण आवाजात बोलणं ऐकू येत नाही. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, एकदा इकडून तिकडं गेला की एक पट्टी पुढं सरकते. पट्टीला जिथं भोक आहे तिथं सुई आत जाते आणि तिच्या दोरीचा धागा वर उचलला जातो. भोक नाही तिथला धागा खालीच राहतो. सगळी नक्षी अशी भोकांत लिहून ठेवलेली असते. मोर कुठं मान वळवणार, वेलीचं पान कुठं संपणार, सगळं पट्टीगणिक ठरलेलं. मी कॉम्प्युटरचा विषय घेतलाय. हो-नाहीच्या भाषेत यंत्राला काम सांगायचं, हे मी वर्गात शिकत होते आणि इथं ते माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं.

तेवढ्यात एक धागा तुटला. माझ्या डोळ्यांना तो तुटल्याचं दिसलंही नाही. काकांनी माग थांबवला, हजारो धाग्यांतून नेमकी दोन टोकं चिमटीत पकडली, अंगठा आणि तर्जनी एकदाच फिरवली, गाठ बसली आणि माग पुन्हा सुरू. गाठ कुठं आहे ते मी बोट फिरवून शोधायचा प्रयत्न केला. सापडली नाही. आवाजानं काकांना एका कानानं कमी ऐकू येतं, सूत हवेत उडत असतं म्हणून नाका-तोंडाला रुमाल बांधलेला असतो. चादर विकत घेताना घासाघीस करणाऱ्या प्रत्येकानं दहा मिनिटं त्या शेडमध्ये उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तरी बाहेरगावच्या बाजारात सोलापुरी म्हणून पानिपतचा माल सर्रास खपतो. काकांनी मला सांगितलेली खूण अशी की चादर उलटून बघायची. खऱ्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना असते, रंग तेवढे अदलाबदल झालेले. सुलट बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर असेल तर उलट बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल.

मैत्रिणीच्या आईला मीही अम्माच म्हणते. अम्मा विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात तेंदूची पानं. पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, पान वळायचं, टोक दुमडून आत खोचायचं, दोरा गुंडाळायचा. हे सगळं माझ्याशी गप्पा मारता मारता, हाताकडं न बघता. मजुरी हजारावर मिळते आणि दिवसाला हजार विड्या म्हणजे पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत मान खाली. तयार विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, तिथं तपासणीत नीट न वळलेल्या बाजूला पडतात, त्यांचे पैसे नाहीत. सोलापुरात हे काम करणाऱ्या हजारो बाया आहेत आणि आमच्या कॉलेजातल्या कितीतरी मुलींची फी त्या सुपातून आलेली आहे. मैत्रीण सांगते, लहानपणी ती अभ्यास करायची तो अम्मांच्या शेजारी बसून, दोरा गुंडाळायला मदत करत.

या बायांनी संघटना बांधून जे मिळवलं ते पाहायला एकदा सोलापूरजवळच्या कुंभारीला जाऊन आले. माकपचे नरसय्या आडम, इथले आडम मास्तर, यांच्या पुढाकारानं तिथं विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. तिथंच पुढं असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचं रे नगर झालं, त्यातली पहिली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली. रांगेनं एकसारखी घरं आणि पुष्कळ उंबऱ्यांवर सूप घेऊन बसलेल्या बाया. घर बाईच्या कष्टाचं आहे हे तिथं कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

संध्याकाळी मात्र सगळं सोलापूर सिद्धेश्वर तलावाकडं वळतं. एका बाजूला भुईकोट किल्ला, मध्ये पाणी आणि पाण्यात मंदिर. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी हा तलाव खोदवला, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली. कन्नड वचनं लिहिणारा हा संत सोलापूरचं ग्रामदैवत आहे. संक्रांतीच्या सुमारास त्यांची यात्रा भरते, तिला इथं सगळे गड्डा म्हणतात. पाहुण्यांनी गड्ड्यातले पाळणे बघावेतच, पण मला जास्त आवडतात ते त्याआधीचे दिवस. रात्री उशिरा रस्त्यावर नंदीध्वजाचा सराव चालतो. पेलवताना घाम फुटेल अशी उंच, जड काठी एकटा माणूस कमरेच्या पट्ट्यात तोलून चालतो आणि बाकीचे त्याला सांभाळत बाजूनं चालतात. कपाळावरचा घाम पुसायलाही त्याचा हात मोकळा नसतो, तो दुसरा कुणीतरी पुसतो.

भोगीच्या दिवशी दुपारी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. कुंभारकन्येचा सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी झालेला विवाह, तो दरवर्षी पुन्हा लावतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात नंदीध्वज, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" चा गजर आणि "सत्यम् सत्यम्" ऐकू आलं की लाखो हात अक्षता उधळतात. माझ्या शेजारच्या आजींनी त्यांच्या ओंजळीतल्या निम्म्या अक्षता माझ्या हातावर ओतल्या. "लग्नाला आलीस, मोकळ्या हातानं उभी राहू नको."

याच दिवसांत, १२ जानेवारीला, हुतात्म्यांना वंदन करायला चार पुतळ्यापाशी माणसं जमतात. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर इतकं पेटलं की इंग्रजांनी इथं मार्शल लॉ लावला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. चार नावं वाचा, सोलापूर कशानं बनलंय ते कळतं. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर स्मारक म्हणून जपलंय. १९३८ मध्ये जपानविरुद्धच्या युद्धात जखमी झालेल्या चिनी सैनिकांची सेवा करायला गेलेला हा सोलापूरचा मुलगा १९४२ मध्ये तिथंच वारला, वय अवघं बत्तीस. चिनी पाहुणे आवर्जून येतात ते घर बघायला. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांनी ते पाहिलेलं नाही, म्हणून मी त्यांना गटागटानं घेऊन जाते.

खाण्याबद्दल थोडक्यात. शेंगाचटणी पाकिटातली घेऊ नका, उखळात कुटलेली मागा, तेल सुटून गोळा झालेली. सोबत मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची कडक भाकरी. पापडासारखी मोडते आणि पंधरा दिवस टिकते. घरून येताना मी भाकरी आणत नाही, इथून नेते. आईला ती इतकी आवडली की आता शेजारणींच्याही मागण्या येतात.

यायचं तर डिसेंबर-जानेवारीत या, हुरडाही मिळेल. उन्हाळा टाळा. नवरात्रात आलात तर पूर्व भागात बतुकम्माची, म्हणजे तेलुगू बायांच्या सणाची, फुलं रचून फेर धरणाऱ्या बाया दिसतील आणि त्या तुम्हाला हात धरून फेरात ओढतील. नारळी पौर्णिमेला पद्मशालींचे दैवत मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या दिवशी पूर्व भागात पाय ठेवायला जागा नसते. यंदा आत्यालाही बोलावलंय. अम्मांनी निरोप दिलाय, रस्ता बंद व्हायच्या आत सकाळीच घरी या, जेवायलाच थांबायचं आहे.