दळणाची सुट्टी

गुरुवार, रात्री

पाऊस दिवसभर लागून राहिलाय. अजिंक्यताऱ्यावरचा टीव्हीचा टॉवर सकाळपासून ढगात आहे. घरभर दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेत आणि लॅपटॉपपाशी जायचं तर टॉवेलांखालून वाकून जावं लागतं.

आज कंपनीचं मेल आलं. घरून काम करणाऱ्यांनी दर तासाला पाच मिनिटं उठावं, पाणी प्यावं, मान फिरवावी. खाली एका हसऱ्या मुलीचं चित्र, हातात काहीतरी हिरवं पेय. उठायचं काय घेऊन बसलात! घरात बाई दिवसभर उठतच असते. कुकर लाव, दार उघड, नळाला पाणी आलं की पिंप भर, सर आली की गच्चीवर धाव, आईंना दुपारची गोळी दे. अंगाच्या हिशोबाने हे सगळं चांगलंच आहे, नाही कशाला म्हणू? मणक्यांमधल्या चकत्यांना मोठ्या वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतो. आपण हललो, त्यांच्यावरचा दाब कमी-जास्त झाला, की त्यांना पोषण पोचायला मदत होते. चार पावलं चाललं तरी पोटऱ्या आवळतात आणि पायात साचलेलं रक्त वर ढकललं जातं. म्हणजे पाठ खूश, पाय खूश. पण एका कानात हेडफोन आणि दुसरा कान कुकरच्या तिसऱ्या शिट्टीकडे, याला विश्रांती म्हणणाऱ्याने कधी वरण-भात केलेला नसावा.

नवराही अधूनमधून घरून काम करतो. त्याचा ब्रेक म्हणजे चहा. अलीकडे तो स्वतः करतो, हे लिहायलाच हवं. साखरेचा डबा उघडा राहतो तो भाग वेगळा.

डोळ्यांचं दुखणं मात्र आम्हा दोघांचंही सारखंच. स्क्रीनकडे बघताना पापण्या निम्म्याहूनही कमी वेळा मिटतात, म्हणून संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. त्यावरचा नियम आता सगळ्यांना तोंडपाठ आहे: दर 20 मिनिटांनी, 20 फूट लांब, 20 सेकंद बघायचं. अमेरिकेतल्या जेफ्री अँशेल या ऑप्टोमेट्रिस्टने, म्हणजे नजर तपासणाऱ्या तज्ज्ञाने, तो लक्षात राहायला सोपा म्हणून असा बांधला. सोपा आहेच, फक्त आमच्या खोलीत 20 फूट नाहीत! टेबलापासून भिंत आठ फुटांवर, आणि खिडकी उघडली की शेजाऱ्यांची भिंत, तीही हाताच्या अंतरावर. मग गच्चीच्या दारात जाऊन उभं राहायचं. उघडीप असली तर समोर किल्ला आणि उजवीकडे यवतेश्वरचा डोंगर, डोळ्यांना पाहिजे तेवढं लांब. आज नुसतं पांढरं होतं. पण ढगही 20 फुटांच्या पलीकडेच असतो की, चाललं.

पाच मिनिटं मोकळी मिळाली की हात आपोआप मोबाइलकडे जातो, त्याला मी ब्रेकमध्ये धरत नाही. लॅपटॉपपेक्षा तो डोळ्यांच्या आणखी जवळ. जवळचं बघताना डोळ्यातला जो स्नायू आवळून धरलेला असतो, त्याला सुट्टी मिळण्याऐवजी ओव्हरटाइम. वर कुणाच्या तरी युरोपच्या सहलीचे फोटो बघून जीव जळतो तो निराळाच.

पोमोडोरोही करून झालं. फ्रान्सेस्को चिरिलो नावाच्या इटालियन माणसाने 1980च्या दशकाच्या अखेरीस, शिकत असताना, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून ही पद्धत बसवली. 25 मिनिटं काम, पाच मिनिटं आराम. टाइमशीट भरायला, मेलं उरकायला झकास. पण प्रोग्राममधला बग, म्हणजे चूक, शोधताना नेमकं सूत हाताला लागतं आणि घंटी वाजते, तेव्हा त्या टोमॅटोची कोशिंबीर करावीशी वाटते.

माझा खरा ब्रेक म्हणजे दळण. हे वाचून मैत्रिणी हसतील, कारण तेही घरकामच. हसोत. शाळूचा डबा पिशवीत घालायचा, माची पेठेतला उतार सांभाळून उतरायचा आणि गिरणीत नंबर लावायचा. पट्ट्याचा आवाज असा की फोन वाजला तरी कळत नाही, उचलला तरी ऐकू येत नाही. आपला नंबर येईपर्यंत करण्यासारखं काही म्हणजे काहीच नसतं. बाकावर बसून पुढच्या बाईचे गहू गिरणीच्या तोंडात पडताना बघायचे. गिरणीवाले काका कुणासाठी घाई करत नाहीत. मधेच पीठ चिमटीत घेऊन अंगठ्याने चोळून बघतात, मान हलवतात, दगड जरा आवळतात. डबा हातात येतो तेव्हा पीठ गरम असतं. झाकण घट्ट लावायचं नाही, नाहीतर आत घाम धरतो. हे मला आईंनी लग्नानंतर शिकवलं. परतीचा चढ चढताना दम लागतो, आणि जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटांचा जो मध्यम व्यायाम सांगते, त्यातला थोडा परस्पर वळता होतो. सकाळपासून अडलेली क्वेरी परवा त्याच चढावर सुटली, डबा कडेवर असताना.

आई म्हणतात, “अगं, भिजत कशाला जातेस? त्या पोराला सांगते, तो आणून देईल.”

“नको आई, मीच जाते.”

“बघ बाई. शाळू दहिवडीचा आहे, बारीक दळ म्हणावं.”

एकदम जास्त दळून आणावं, असंही त्या सुचवतात. मी थोडं थोडंच नेते. पावसाळ्यात पिठाला जाळी धरते, हे कारण त्यांना पटतं. खरंही आहेच.

ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये सव्वाचार ते पाच हा वेळ मी अडवून ठेवलाय आणि नाव मराठीतच दिलंय, ‘दळण’. आमचा टीम लीड पुण्याचा आहे. आज त्याने सगळ्यांसमोर विचारलं, “मॅडम, हे दळण पुढे ढकलता येईल का? क्लायंटचा कॉल साडेचारला ठेवायचा होता.”

म्हटलं, “कॉल पाचला ठेव ना. गिरणी संध्याकाळी बंद होते.”

त्याने पाचला ठेवला.