निळा सोडून सगळे

जळगाव, वैशाखातली दुपार

आज जलरंगाची वडी करायला गेरू घोटला. किराणा दुकानात मिळतो तोच, भिंतीच्या कडेला पट्टा ओढायचा. कागदावर मात्र त्याची खर लागते, म्हणून आधी धुवून घ्यावा लागतो. पाण्यात ढवळायचा, जड कण खाली बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं, आणि ते निवळू द्यायचं. तळाशी साय धरावी तसा जो गाळ बसतो, तो रंग.

बाभळीचा डिंक रात्रीच भिजवला होता, एकास दोन पाणी. सकाळी फडक्यातून गाळला, थोडा मध घातला, वर लवंग तेलाचा थेंब. डिंक रंगाला कागदाशी धरून ठेवतो, मधामुळे वडी तडकत नाही, लवंगेमुळे बुरशी येत नाही. मधाचं लिहून ठेवलेलं माप इथे चालत नाही. पारा चव्वेचाळीसला टेकला की वडी तासाभरात उकलते, म्हणून हात जरा सैल सोडते. आषाढात तोच मध घातला तर वडी वाळायचीच नाही.

जाड बुडाच्या बाटलीने काचेवर घोटत बसले. आधी खरखर, मग हळूहळू आवाज मरत जातो. शेजारच्या काकू दारातूनच विचारून गेल्या, "काय घोटी ऱ्हायनी वं माय?"

आपली काळी माती रंगाला अगदी कुचकामी. कापसाला सोन्यासारखी, पण वाळली की शेतात भेगाळते तशीच रंग ओतलेल्या झाकणातही भेगाळते. काळ्यासाठी दिव्याची काजळीच बरी. ती पाण्यावर तरंगत बसते, म्हणून आधी डिंकात चेपून कालवायची. हळद आणि पळसाची फुलं मी आता वापरत नाही. पहिल्या दिवशी डोळे दिपवतात, आणि उन्हात ठेवलं की काही दिवसांत उडून जातात. माती उडत नाही.

हिरवा मिळाला तो काळ्या दगडाच्या पोकळीतून. खाणीजवळच्या ढिगाऱ्यात असे दगड सापडतात, आत मळकट हिरवा थर. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतला हिरवाही अशाच मातीचा.

राहिला निळा. तो इथल्या जमिनीत नाहीच. अजिंठ्यात पाचव्या शतकातल्या चित्रांना लागणारा लाजवर्द हा निळा दगडसुद्धा थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आला. तोच निळा १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये कृत्रिमरीत्या तयार झाला, आणि कपड्यांना द्यायच्या निळीच्या पुडीत येऊन बसला. म्हणजे पुडी आणली की काम भागेल. पण सध्या आणत नाही. वैशाखात खानदेशचं आभाळ निळं असतं कुठे? धुळीने पांढुरकं. तेवढा कागद कोरा सोडला की झालं. भाद्रपदात बघू.