अवयवांची वही: लपलेली वर्गांतरं

पूर्ण वर्ग ओळखायला आता वेळ लागत नाही, म्हणून सध्या एकाच गोष्टीचा सराव चालू आहे: वर्गांतर (म्हणजे दोन वर्गांची वजाबाकी, अ² − ब² = (अ + ब)(अ − ब)) समोर दिसत नसेल तर ते तयार करायचं.

४क्ष² + २०क्ष + ९ घ्या. दोन्ही टोकांना वर्ग आहेत, त्यामुळे हात (२क्ष + ३)² लिहायला धावतो. पण त्याला मधलं पद १२क्ष लागतं आणि इथे आहे २०क्ष. अशा वेळी शेवटच्या पदाकडे बघायचंच नाही, मधल्या पदाला जो वर्ग लागतो तो मांडायचा: (२क्ष + ५)². त्यात शेवटी २५ येतात, आपल्याकडे ९ आहेत. म्हणजे (२क्ष + ५)² − ४², आणि अवयव (२क्ष + ९)(२क्ष + १). मधल्या पदाची फोड शोधत बसावं लागलं नाही. परिमेय अवयव पडणारी कुठलीही वर्ग त्रिपदी, गरज पडली तर एखादा अचल बाहेर काढून, अशी वर्गांतरात बसतेच.

चौथ्या घातात खरी गंमत आहे. क्ष⁴ + ४ मध्ये ४क्ष² मिळवून वजा केले की (क्ष² + २)² − (२क्ष)² होतं. क्ष⁴ − ७क्ष² + १ मला त्याहून आवडलं, कारण तिथे निवड करावी लागते. (क्ष² − १)² घेतलं तर वजा होतात ५क्ष² आणि √५ गळ्यात पडतं. (क्ष² + १)² घेतलं तर ९क्ष² वजा होतात, आणि अवयव येतात (क्ष² + ३क्ष + १)(क्ष² − ३क्ष + १). तेव्हा दोन्ही चिन्हं तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता संख्या. सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६४३च्या सुमारास एका पत्रात २०२७६५१२८१ ही संख्या याच रीतीने फोडून दाखवली होती: संख्येहून मोठा असा वर्ग शोधायचा, की त्यातून संख्या वजा केल्यावर वर्गच उरेल. ती मी पूर्ण हाताने केली. वर्गमूळ ४५०२९ च्या थोडं पुढे, म्हणून ४५०३० पासून सुरुवात. त्याच्या वर्गातून संख्या वजा केली की ४९६१९ उरतात. हा वर्ग नाही, कारण विषम वर्गाचा दशकाचा अंक नेहमी सम असतो. पुढच्या पायरीला नव्याने वर्ग करायचा नाही, बाकीत ९००६१ मिळवायचे. मग ९००६३, मग ९००६५, दर वेळी दोनने जास्त. बाक्या येतात १३९६८०, २२९७४३, ३१९८०८, ४०९८७५… शेवटी ३ किंवा ८ असेल तर वर्ग नाही. एकच शून्य असेल तरी नाही, ७५ किंवा १५ असेल तरी नाही. वर्गमूळ काढून बघावं लागलं ते फक्त ४९९९४४ चं, आणि ते ७०७ व ७०८ च्या मध्ये अडकतं. ४५०४१ ला बाकी येते १०४०४००, म्हणजे १०२०². अवयव ४६०६१ आणि ४४०२१. एवढी मोठी संख्या, आणि काम मात्र जवळजवळ सगळं बेरजेचं! हे एकदा कागदावर कराच, नुसतं वाचून ती मजा येत नाही.

अवयव एकमेकांपासून लांब असले की ही रीत रेंगाळते. ३००७ साठी ५५ पासून थेट ६४ पर्यंत जावं लागतं, तेव्हा कुठे १०८९ = ३३² सापडतं. पण आधी ३ ने गुणलं तर ९०२१ = ९५² − २² = ९७ × ९३ पहिल्याच पायरीला मिळतं. ९३ मधले ३ काढून टाकले की ३००७ = ३१ × ९७. कारण साधं आहे: एक अवयव दुसऱ्याच्या साधारण तिप्पट होता, गुणल्यावर दोघे शेजारी आले. अवयव माहीत नसताना कुठल्या संख्येने गुणून बघायचं, त्याचा क्रम ठरवणं आता हातात घेतलंय. तुम्ही कुणी हे हाताने करत असाल तर तुमचा क्रम जरूर सांगा.