जामीनदार कोण राहणार

रात्रीचे पावणेएक वाजलेत. आमच्या ग्रुपमधली डोंबिवलीवाली अजून पॉडकास्टचं एडिटिंग करत बसलीय आणि मला झोप येत नाहीये म्हणून हे लिहून ठेवतेय, उद्यावर टाकलं की राहूनच जातं.

कॉलेजच्या प्रोजेक्टला आम्ही चौघांनी मिळून पॉडकास्ट करायचं ठरवलं, विषय फौजदारी न्यायव्यवस्था. पहिल्याच मीटिंगला विक्रोळीवाला सायरन, पळणाऱ्या बुटांचे आवाज, लोखंडी दरवाजा धाडकन बंद, असं सगळं मोबाईलमध्ये घेऊनच आला होता. मी नाही म्हटलं आणि मग तासभर वाजलं आमचं. मी मुंबईत सातरस्त्याला लहानाची मोठी झालेय. आर्थर रोड जेलच्या बाहेर पिशव्या घेऊन मुलाकातीसाठी थांबलेल्या बायका मी शाळेत जाताना रोज बघायचे, त्या काही थ्रिलर नव्हत्या, कुणाच्या तरी आया होत्या. हजाराहूनही कमी जणांसाठी असलेल्या त्या जेलमध्ये कित्येकदा तीन हजारांच्या वर माणसं असतात, आणि त्यातले बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून संपलेलाच नाही, गुन्हा सिद्धच झालेला नाही. देशभराचं चित्र तेच. २०२२ च्या अखेरीस ५ लाख ७३ हजार कैदी, त्यात कच्चे ४ लाख ३४ हजार. हे आकडे स्क्रिप्टमध्ये वाचताना वसईवाली मध्येच थांबली आणि म्हणाली, परत वाचू का, मी चुकीचं वाचलं असं वाटतंय. चुकीचं नव्हतं.

पण मला लिहायचंय ते वेगळंच.

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या एका वकील ताईंशी आम्ही बोललो, सेशन्स कोर्टाच्या बाहेर, चहा घेत. त्या म्हणाल्या, जामीन मंजूर होणं ही अर्धीच गोष्ट गं, पुढे जामीनदार लागतो. त्याचं रेशनकार्ड, पगाराच्या स्लिपा, पत्त्याचा पुरावा, सगळं तपासतात, आणि उद्या आरोपी तारखेला आला नाही तर बॉण्डमध्ये लिहून दिलेली रक्कम जामीनदाराच्या मानगुटीवर बसते. ज्याला असं कुणी मिळत नाही तो ऑर्डर हातात असून आतच. हे ऐकलं आणि मला एकदम आमच्या चाळीतल्या काकू आठवल्या.

मी सातवीत होते. काकूंच्या मुलाला मोबाईलचोरीच्या केसमध्ये उचललं होतं. काही दिवसांनी जामीन झाला, काकू पेढे वाटायच्याच बाकी होत्या, आणि मग त्या एका संध्याकाळी बाबांकडे आल्या, भाऊजी तुम्ही जामीन राहा ना, तुमची नोकरी पक्की आहे. बाबा खूप वेळ काही बोलले नाहीत आणि मग नाही म्हणाले. काकू उंबऱ्यातूनच परत गेल्या, आईने चहा टाकला होता तो तसाच राहिला. मुलगा पुढे चार महिने आत होता, शेवटी काकूंनी पाटल्या मोडून कॅश बेल, म्हणजे जामीनदाराऐवजी रोख रक्कम, भरली. मी बाबांवर कित्येक वर्षं मनातून चिडलेले होते, कधी बोलले नाही पण होते, आणि आता त्या वकील ताईंचं ऐकताना पहिल्यांदा कळलं की बाबांना नेमकं काय मागितलं होतं. आम्हा चौघांचं घर त्या एका पगारावर चालत होतं. मी अजूनही म्हणेन की त्यांनी राहायला हवं होतं. पण गरीब माणसाला सोडवायला दुसऱ्या थोड्या कमी गरीब माणसाने स्वतःला गहाण टाकायचं ही कसली पद्धत आहे, हा राग आता जास्त आहे.

आणि हे कोर्टाला माहीत नाही असं नाही. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या एका गवंड्याची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो चालेना. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी तेव्हाच सांगितलं की गरिबाला झेपेल अशीच अट घाला, जातमुचलक्यावरही सोडता येतं. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतःच लिहून द्यायचं, मी येईन म्हणून. पेपरात हा शब्द शंभर वेळा वाचलाय मी, अर्थ आत्ता कळला. मग ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने अजून सांगितलं, जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवायचं, आणि महिनाभरात बॉण्ड भरले गेले नाहीत तर अट सैल करायची का ते कोर्टाने स्वतःहून बघायचं. चव्वेचाळीस वर्षांनी परत तेच सांगावं लागलं.

काकूंची गोष्ट मी एपिसोडमध्ये घेतली, त्यांना फोन करून विचारूनच. त्या म्हणाल्या, सांग, पण माझं नाव नको.

आज जेवण झाल्यावर बाबांना कच्चा एपिसोड ऐकवला. इयरफोन नको म्हणाले, फोन कानाला लावूनच ऐकला, पूर्ण अडतीस मिनिटं, खिडकीत उभं राहून. मला वाटलं आता त्यांच्याबद्दलचा भाग काढ म्हणतील. त्यांनी विचारलं, ते सात दिवसांचं तेव्हा होतं का गं? मी म्हटलं नाही बाबा, नंतरचं आहे. बरं म्हणाले. मग थोड्या वेळाने परत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, माझं ते नाही म्हटलेलं राहू दे, पण तू कितवा माळा ते बोललीयेस, तेवढं काढ, चाळीत सगळ्यांना कळेल त्या कोण ते.

डोंबिवलीवालीला मेसेज टाकलाय. चौदाव्या मिनिटाला आहे ते.